चाकाची चरी : ठाणे ते धोदाणी, चार दिवस पावसातले

बेत जुन्नरचा होता. माळशेज चढून वर जायचं, ओळखीच्या एका घरी मुक्काम टाकायचा आणि नाणेघाटाच्या पठारापासून चावंड-हडसरच्या पायथ्यापर्यंत मिळेल त्या वाटेने चार दिवस सायकली चालवायच्या. रजा दोन महिने आधीच मंजूर करून घेतल्या होत्या. गुरुवारी संध्याकाळी नाशिककर कसारा घाट उतरून ठाण्यात आली. गाडीच्या मागे कॅरिअरवर तिची सायकल, तिच्यावर घाटभर उडालेला चिखल. ती ओला विंडचीटर काढून दारामागे टांगत होती, तेवढ्यात मोबाइलवर बातमी आली : माळशेजात दरड आली आहे, वाहतूक बंद.

नाशिककर म्हणजे माझी कॉलेजातली मैत्रीण. तीन वर्षं एका बाकावर काढली, मग लग्न होऊन ती नाशिकला गेली. डोंगरात सायकल चालवायला मला तिनेच शिकवलं, तेही पांडवलेण्याच्या मागच्या टेकड्यांवर, भर उन्हाळ्यात. पावसात आम्ही दोघी एकत्र कधीच निघालो नव्हतो.

रात्री जेवताना तीच म्हणाली, "तुझ्या खिडकीतून जे डोंगर दिसतात, ते तरी आपण कधी नीट पाहिलेत?"

खिडकीतून येऊर दिसतं. म्हणजे एरवी दिसतं, त्या रात्री नुसता काळोख आणि पागोळ्या होत्या. पण तिचं म्हणणं पटलं. चार दिवस घराच्या आसपासच राहायचं ठरलं. गाडीने तासा-दीड तासात जाता येईल एवढंच अंतर. धबधब्यात उतरायचं नाही. जिथे बंदी असेल तिथून वाद न घालता मागे फिरायचं. सकाळी सहाच्या आत चाकं फिरली पाहिजेत.

पहिला दिवस, शुक्रवार : येऊर

पावणेसहाला उपवन तलावाच्या कडेला गाडी लावली. पाऊस पडत होता, पण जोर नव्हता. टायरमधली हवा इथेच कमी केली. कोरड्या दिवसात मी २८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवते, पावसात २३ वर आणते. हवा कमी असली की टायर जमिनीला चापून बसतो, ओल्या दगडावर पकड येते. ट्यूब असलेल्या टायरात एवढी हवा कमी केली तर दगडाच्या धारेवर ट्यूब चिमटून पंक्चर होते; आम्हा दोघींचे टायर ट्यूबलेस आहेत म्हणून हे चालतं. चेनला पावसाळी तेल घातलं. हे तेल घट्ट असतं, पाण्याने धुऊन जात नाही, मात्र माती धरून ठेवतं, त्यामुळे रोज रात्री चेन पुसावीच लागते.

वनखात्याचं गेट ओलांडलं की चढ सुरू होतो. ठाण्यातल्या सायकलवाल्यांना हा रस्ता तोंडपाठ आहे. रोज पहाटे कितीतरी जण इथे येतात, कुणी तब्येतीसाठी, कुणी पुढच्या लांब पल्ल्याच्या तयारीसाठी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे आणि येऊर म्हणजे त्याची ठाण्याकडची बाजू. बोरिवलीकडून जाणाऱ्याला उद्यान म्हणजे तिकीट, कान्हेरीची लेणी आणि सिंहांची सफारी. आम्हा ठाणेकरांना ते घरामागचं रान आहे.

दुसऱ्या वळणानंतर शहराचा आवाज तुटला. उरला तो पानांवरचा पाऊस आणि मधूनच पावशा. रस्त्यावर नखाएवढे खेकडे आडवे धावत होते. त्यांना चुकवत चढायचं म्हणजे वेग आपोआप कमी होतो. घाम आणि पाऊस एक होतो. विंडचीटर घातला काय, न घातला काय, पंधरा मिनिटांत आतबाहेर सारखंच ओलं. मी तो काढून कमरेला बांधला आणि मग खरी चढायला लागले.

वर येऊर गावाच्या पुढे आदिवासी पाडे आहेत. पाटोणपाडा, जांभूळपाडा, वणीचा पाडा, रोणाचा पाडा. पाड्यांना जोडणाऱ्या पायवाटा भाताच्या खाचरांच्या कडेने जातात. जंगलाच्या आतल्या वाटांवर आम्ही गेलो नाही, तिथे परवानगीशिवाय जाऊही नये. पण या पायवाटा गावातल्या, मोकळ्या. त्यांतली एक वाट मोठ्या झाडाला वळसा घालून उतरते. उतार सुरेख, वळण सुरेख. एकदा उतरलो, वर आलो, पुन्हा उतरलो. तिसऱ्यांदा उतरताना माझा पाय पेडलवरून घसरला आणि पेडलच्या खिळ्यांनी नडगी सोलवटून काढली. रक्त पाण्याबरोबर मोज्यात उतरलं. पट्टी बांधायला मी झाडाखाली बसले, तेव्हा वाटेकडे पहिल्यांदा नीट लक्ष गेलं.

आमच्या चाकांनी वळणावर चार बोटं खोल चरी पाडली होती. आणि वरचं सगळं पाणी, जे आधी वाटेवरून पसरून बाजूच्या गवतात जात होतं, ते आता त्या एका चरीतून लाल होऊन धावत होतं.

खालून एक बाई येत होती. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, काखेत फोडशीच्या जुड्या. ती थांबली, आधी माझ्या नडगीकडे पाहिलं, मग वाटेकडे.

"पोरींनो, या वाटेनं आमची पोरं शाळेला जातात," ती म्हणाली. "चाकाची चरी पडली का पाणी तिथूनच धावतं. चार दिसात वाट राहायची नाय."

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं. आता काय करता येईल, असं विचारलं. तिने जुड्या खाली ठेवल्या आणि पायानेच दाखवलं : चरीत माती नुसती लोटायची नाही, ती पहिल्या सरीला वाहून जाते. दगड आडवे, तिरपे रोवायचे, म्हणजे पाणी अडून बाजूला वळतं. मग त्यामागे माती. आम्ही तिघींनी अर्धा तास तेच केलं. हातांनी दगड उपसले, तीन ठिकाणी आडवे रोवले, मधल्या खाचा मातीने आणि गवताच्या ढेकळांनी भरल्या. तिसरा दगड बसला तेव्हा पाणी खरंच डावीकडे वळून गवतात शिरलं.

फोडशीच्या दोन जुड्या तिच्याकडूनच घेतल्या. निवडताना मधला कडक दांडा काढून टाकायचा आणि खालचा पांढरा भाग घ्यायचा नाही, हे तिने दोनदा बजावलं. रात्री मूगडाळ घालून भाजी केली.

पण त्या जेवणावर आमचं भांडण झालं. नाशिककरचं म्हणणं असं : "अगं, एका रात्रीचा पाऊस जेवढी माती नेतो त्याच्यापुढे आपलं चाक काय? आमच्याकडे काळी माती असते, ती चाकाला एवढी चिकटते की सायकल पुढेच जात नाही. जमीनच तुला थांबवते. इथे मुरूम आहे, पाणी निचरतं, चाक फिरतं. म्हणजे चालवण्याजोगं आहे." माझं म्हणणं असं की चाक फिरतंय एवढ्यावरून जमीन सोसतेय असं धरता येत नाही. पायाने माती दबते, आणि प्रत्येक पाऊल वेगळ्या जागी पडतं. चाक मात्र एकच सलग रेघ ओढतं, त्यात उतारावर ब्रेक दाबला की टायर फरफटतो आणि रेघेचा पन्हाळा होतो. पाण्याला तेवढंच हवं असतं. ती म्हणाली, तू उगाच मनाला लावून घेतेस. मी म्हटलं, लावून घेतेच आहे. मग दोघीही गप्प भाकरी खात राहिलो.

दुसरा दिवस, शनिवार : वाशी

या दिवशी सायकल अजिबात चालली नाही.

पहाटे तीनपासून पाऊस नुसता ओतत होता. बेत होता कळव्यावरून ठाणे-बेलापूर रस्त्याने नवी मुंबईत उतरण्याचा, पण विटाव्याला रेल्वे पुलाखाली पाणी भरलं होतं. ते दरवर्षी भरतं. गाडी वळवून मुलुंडमार्गे ऐरोलीच्या पुलावरून खाडी ओलांडली. पुलावरून खाली बघितलं तर तिवरांचे नुसते शेंडे दिसत होते. हिवाळ्यात याच चिखलावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. २०१५ साली हा भाग अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्या दिवशी पाणी, आभाळ आणि पूल सगळ्यांचा रंग एकच होता.

वाशीत माझी आत्या राहते. महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होती, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण नजर तीच. दारात चप्पल काढायच्या आत विचारलं, "नडगीला काय झालं? त्या पायाने साचलेल्या पाण्यातून चाललीस का?"

चालले होते. विटाव्याला पाणी किती आहे ते बघायला गाडीतून उतरून गुडघाभर पाण्यात गेले होते. आत्याने चहासुद्धा ठेवला नाही, आधी डॉक्टरकडे पाठवलं. लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, जंतू उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येतो आणि कातडीवर चीर असली की तिथून शरीरात शिरतो. अशा पाण्यातून उघड्या जखमेने गेलात तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवून प्रतिबंधाची गोळी घ्यावी लागते. पावसात सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत हवं, कारण आपल्या नडग्या आणि कोपरं कायमच सोललेली असतात. मला माहीत होतं, तरी मी गेले. ही चूक मी पुन्हा करणार नाही.

दुपारी आत्याच्या पार्किंगमध्ये सायकली उलट्या करून ब्रेक तपासले. माझे पॅड रेझिनचे होते. कोरड्यात ते मऊ आणि बिनआवाजाचे चालतात, पण ओल्या मातीत दगडाची बारीक भुकटी डिस्कवर बसते आणि सहाणेवर घासल्यासारखे ते झिजतात. येऊरच्या एका सकाळीत मागचा पॅड निम्मा झाला होता. नाशिककरने पिशवीतून धातूमिश्रित पॅडची जोडी काढून दिली. ते ओल्यात किंचाळतात, पण टिकतात. कालचं भांडण मिटलं नव्हतं, तरी पॅड तिने स्वतः बसवले आणि डिस्क स्पिरिटने पुसून दिली.

संध्याकाळी पाऊस जरा थांबला तेव्हा आत्याबरोबर खाडीकडेच्या धारण तलावापर्यंत चालत गेलो. लोक याला होल्डिंग पाँडच म्हणतात. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. भरती चालू असताना मुसळधार पाऊस आला, तर शहरातलं पाणी खाडीत जाणार कसं? म्हणून सिडकोने नाल्यांच्या तोंडाशी हे तलाव ठेवले. भरतीच्या वेळी खाडीच्या बाजूची झडपं पाण्याच्या दाबाने मिटतात, शहराचं पाणी तलावात साठत राहतं, आणि ओहोटी लागली की तीच झडपं उघडून पाणी खाडीत जातं. पद्धत हॉलंडची, असं सांगतात. आत्याच्या शेजारच्या आगरी आजी सोबत होत्या, त्या म्हणाल्या की त्यांच्या माहेरी खारजमिनीच्या बांधाला असंच लाकडी दार असायचं, त्याला उघाडी म्हणायचे. मुलींना तिकडे खेळायला जायची बंदी होती, कारण ओहोटीला तिथे पाणी ओढून नेतं.

मी आणि नाशिककर तलावाच्या कठड्याला टेकून पाणी उतरताना बघत होतो. ती एकदम म्हणाली, "कालचे ते आडवे दगड... तेही हेच करत होते ना?" मी काही बोलले नाही.

तिसरा दिवस, रविवार : खारघर आणि पारसिक

सकाळी खारघरच्या टेकडीकडे निघालो. सेक्टरांच्या मागून वर चढणारा रस्ता पठारावर जातो, वर फणसवाडी आणि चाफेवाडी आहेत, आणि उन्हाळ्यात तो सायकलीसाठी या भागातला सगळ्यांत चांगला चढ आहे असं माझं मत आहे. पण पावसाळ्यात पांडवकड्यावर आणि टेकडीवर दरवर्षी बंदी असते. रस्त्याच्या तोंडाशीच पोलिसांनी थांबवलं. "ताई, वाडीतल्या लोकांशिवाय कुणाला सोडत नाही." ठरल्याप्रमाणे मागे फिरलो. आमच्या मागे मोटारसायकलींवरून आलेली दहा-बारा मुलं हुज्जत घालत उभी होती. दूरवर पांडवकडा दिसत होता, पांढराशुभ्र, शंभर मीटरहून उंच. त्याच्या पायथ्याशी वाहून गेलेल्या मुलांच्या बातम्या आम्ही दर पावसाळ्यात वाचतो. पोलीस भर पावसात उभे राहून लोकांना परत पाठवतात, मला त्यांच्याबद्दल कृतज्ञताच वाटते.

मग बेलापूरच्या पारसिक हिलवर गेलो. वरपर्यंत डांबरी रस्ता आहे, बंगले आहेत, माउंटन बाइकला शोभेल असं काही नाही. पण चढ चांगलाच तीव्र आहे आणि पावसाला मोजत नाही. नाशिककरने तिथे माझ्याकडून एकच गोष्ट घोटून घेतली : ओल्या उतारावर ब्रेक कधी सोडायचा. वळणाच्या आधी, सायकल सरळ उभी असताना वेग कमी करायचा. वळणात शिरल्यावर बोटं ब्रेकवरून उचलायची. पांढऱ्या पट्ट्यांवर, गटाराच्या लोखंडी झाकणांवर आणि झाडाखालच्या हिरव्या शेवाळावर ब्रेक लावायचा नाही, वळायचंही नाही, सरळ वरून जाऊ द्यायचं. बाहेरचा पाय खाली, भार त्याच्यावर, नजर वळणाच्या पार. सात वेळा वर, सात वेळा खाली. पाचव्या खेपेला कुठेतरी हाताला उमजलं. डोक्याला कळलेलं आणि हाताला उमजलेलं यात फार अंतर असतं.

वर जिथे झाडी विरळ होते तिथून पाम बीच रस्ता आणि त्यापलीकडची खाडी दिसते. पाऊस खाडीवरून पडद्यासारखा सरकत येताना दिसायचा, आणि तो पोहोचेपर्यंत किती मिनिटं उरलीत याचा अंदाज आम्ही बांधायचो. आम्ही उभ्या होतो ती पारसिकची रांग पार मुंब्र्यापर्यंत जाते. तिच्या दुसऱ्या टोकाच्या पोटातून १९१६ साली पूर्ण झालेला रेल्वेचा पारसिक बोगदा जातो, सुमारे १.३ किलोमीटर लांब. ठाण्याहून डोंबिवलीला मामाकडे जाताना फास्ट लोकल त्यात शिरली की आम्ही पोरं श्वास रोखून धरायचो, उजेड येईपर्यंत. तोच डोंगर असा पाठीमागून, ओला आणि हिरवा, मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

मुक्काम पनवेलला. लॉजच्या खोलीत पंख्याला दोरी बांधून कपडे वाळत टाकले. वाळले नाहीत.

चौथा दिवस, सोमवार : धोदाणी

मुद्दाम सोमवार ठेवला होता, म्हणजे गर्दी नसेल. नेऱ्याच्या पुढे एका घराच्या अंगणात विचारून गाडी लावली आणि गाढी नदीच्या खोऱ्यातून माथेरानच्या भिंतीकडे निघालो.

पनवेलमधून निघालेला माणूस या खोऱ्यात शिरला की त्याला पटत नाही की एक्सप्रेसवे मागे एवढ्या जवळ आहे. दोन्ही बाजूंना भातखाचरं, त्यांत चिखलणी चाललेली. कुठे बैल, कुठे पॉवर टिलर. आवणीला वाकलेल्या बायकांच्या रांगा, पाठीवर निळे-पिवळे प्लास्टिकचे कागद. एका खाचरात एका म्हाताऱ्या बाबांनी अजून इरलं घेतलं होतं, पानांनी शाकारलेलं. मी थांबून पाहत राहिले. इरल्यात वाकून काम करणाऱ्याची पाठ पूर्ण झाकते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. आमच्या महागड्या विंडचीटरला चार दिवसांत हे जमलं नव्हतं.

गाढेश्वरचं धरण डावीकडे ठेवून पुढे गेलो. तिथेही पाण्याकडे उतरायला मनाई आहे, उतरलो नाही. मालडुंग्याच्या पुढे रस्ता अरुंद होतो, वाड्या सुरू होतात आणि मग धोदाणी. ढग खाली उतरले होते. माथेरानचा कडा दिसत नव्हता, ऐकू येत होता. वरून शेकडो धारा कोसळत असणार, त्यांचा एक अखंड घुमारा. त्यात एक शीळ. शीळकरी कस्तूर पावसातच गातो. कुणीतरी आठवत-आठवत, थांबत-थांबत शीळ घालावी आणि सूर नेमका सापडायच्या आत सोडून द्यावा, तसं ते गाणं. आम्ही दोघी सायकलींवर एक पाय टेकून कितीतरी वेळ उभ्या होतो.

मग वारा फिरला आणि ढग फाटला. काळी भिंत, तिच्यावर पांढऱ्या रेघा, आणि अगदी वर, मान मोडेल एवढ्या उंचीवर, झाडांची किनार. माथेरान सुमारे ८०० मीटरवर आहे आणि आम्ही जवळजवळ त्याच्या तळाशी. ही सगळी भिंत म्हणजे एकावर एक साचलेले लाव्ह्याचे थर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. सह्याद्रीचे असे थर मी शंभर वेळा पाहिले असतील. पण पाण्याने धुतलेले, प्रत्येक थराच्या कडेवरून धबधबा तुटून पुन्हा सुरू होताना पाहिले, तेव्हा पायऱ्या मोजता आल्या. अर्ध्या मिनिटात ढग पुन्हा मिटला. नाशिककरच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला जुन्नर न मिळाल्याचं मनातून किती वाईट वाटलं होतं ते मला तेव्हा कळलं.

धोदाणीहून एक पायवाट वर माथेरानच्या सनसेट पॉइंटला जाते. इथल्या वाड्यांतले लोक दूध, भाजी घेऊन पिढ्यान् पिढ्या याच वाटेने वर जाऊन विकून येतात. आम्हाला वर जायचं नव्हतंच. सुरुवातीचा दगडी टप्पा तेवढा चालवून बघायचा होता. पण दगडापर्यंत पोहोचायला आधी शंभर-दीडशे पावलं मातीची वाट होती, दोन खाचरांच्या मधून, लोण्यासारखी मऊ.

मी ब्रेक लावायच्या आत नाशिककर उतरली होती. तिने सायकल उचलून खांद्यावर घेतली आणि चालू लागली. तेरा-चौदा किलोचं धूड, खांद्यात रुतणारी फ्रेम, पायाखाली निसरडं. मीही उचलली. त्या दीडशे पावलांत आम्ही एक शब्द बोललो नाही.

दगडी टप्प्यावर वरून दोन बायका उतरत होत्या, दुधाचे रिकामे कॅन घेऊन. अनवाणी, आणि आमच्या बुटांपेक्षा भक्कम.

"सायकल वर नेता काय?"

"नाही मावशी, त्या वळणापर्यंतच. वाटेचं नुकसान नाही ना व्हायचं?"

मावशी हसली. "दगडाला काय होतंय? तुमीच पडाल."

वळणापर्यंत चढवली, ढकलली, आणि उतरायला सुरुवात केली. पारसिकला शिकलेलं सगळं इथे कामाला आलं. सायकल सरळ, बोटं हलकी, भार मागे, हिरव्या दगडावर ब्रेक नाही. नवे पॅड किंचाळत होते पण धरत होते. टायर एका दगडावरून दुसऱ्या दगडावर उतरताना आवाज न करता बसत होता. आयुष्यातली माझी सगळ्यांत चांगली तीस-चाळीस सेकंदं होती ती. शेवटच्या दगडावर पुढचं चाक सरकलं आणि मी उजव्या कुशीवर पडले.

मला काही झालं नाही. पण सायकल डिरेलरवर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या मागच्या भागावर आपटली आणि हँगर मोडला. हँगर म्हणजे डिरेलर फ्रेमला जिथे अडकवतात तो ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा. तो मुद्दामच कच्चा करतात, म्हणजे आपटल्यावर तो मोडावा आणि फ्रेम वाचावी. दर फ्रेमचा वेगळा असतो, म्हणून जादा हँगर बरोबर ठेवायचा. माझा जादा हँगर ठाण्याला डब्यात होता.

खालच्या पडवीत एका काकांनी आम्हाला बसायला जागा दिली. नाशिककरने डिरेलर काढून ठेवला, चेन तोडायच्या हत्याराने चेन आखूड केली, मधल्या एका गिअरवर सरळ रेषेत बसवली आणि जोडकडीने जोडली. गिअरची सायकल एका गिअरची झाली. काका मन लावून बघत होते. त्यांची जुनी सायकल पडवीतच टेकवलेली होती, चेनला पूर्ण झाकणी, चाकांवर रुंद मडगार्ड. त्यांनी तिच्याकडे बोट दाखवून विचारलं, "मग आता ही अशीच झाली ना?" अगदी तशीच झाली होती. त्यांच्या घरातून गुळाचा काळा चहा आला. निघताना पैसे विचारले तर काका रागावले, म्हणून नुसता नमस्कार करून निघालो.

एका गिअरवर नेऱ्यापर्यंत परत. सपाटीवर पाय भराभरा फिरवायचे, चढावर उतरायचं. पाऊस इतका लागला की रस्त्याच्या कडा दिसेनात, आणि नाशिककर सगळा वेळ माझ्या पुढे, तिच्या मागच्या दिव्याचा लाल ठिपका मला दिसेल एवढ्याच अंतरावर चालवत राहिली.

संध्याकाळी मला ठाण्याला सोडून ती कसाऱ्याकडे निघाली. रात्री साडेदहाला इगतपुरीहून फोन आला. "पुढच्या जुलैत पण आपण इकडेच करू. जुन्नर हिवाळ्यात." मग थोडं थांबून, "तो हँगर दोन मागव. एक माझ्याकडे राहू दे."

पुढच्या रविवारी मी येऊरला गेले. सायकल दुरुस्तीला होती, चालतच गेले. मधल्या आठवड्यात पाऊस जोरात झाला होता. झाडाच्या वळणावरचे तिन्ही दगड होते. मधला थोडा कलला होता. त्याच्या खाली, पाणी पुन्हा वाटेवर यायला बघत होतं तिथे, कुणीतरी आणखी दोन दगड तिरपे रोवले होते.